एका खातेवहीवर दोन मुनीम
सामाईक फोल्डरमधील फाईल आणि तिचे कुलूप

व्यापारी बांधवांनो, हिशेब चुकला तर पैसे जातात, ते पुन्हा कमावता येतात. पण हिशेबाच्या चुकीमुळे माणसावर संशय आला तर तो सहजासहजी धुतला जात नाही. हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही, आमच्या घरात घडले म्हणून सांगतो.

म्हसवडच्या पेठेत आमचे पत्रे, पाईप आणि बांधकामाच्या सामानाचे दुकान आहे. काउंटर पेठेत, गोदाम सातारा-पंढरपूर रस्त्याच्या बाजूला आणि हिशेबाची खोली घरात. धंदा वाढला तसे तिन्ही ठिकाणी संगणक आले. ते एकमेकांना जोडून घेतले आणि हिशेबाच्या खोलीतील संगणकावर एक सामाईक फोल्डर केले. उधारीची एक एक्सेल फाईल त्यात ठेवली. कोणीही कुठूनही उघडावी आणि नोंद करावी, अशी सोय झाली. आम्ही खूश होतो.

मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथयात्रेच्या आधी पेठेत पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत वाडीवरचे एक जुने गिऱ्हाईक दुकानात आले. आमच्या थोरल्या भावाने त्यांना मागच्या पत्र्यांच्या ४२०० रुपयांची आठवण केली. ते म्हणाले, "भाई, पैसं दिलं की वं! गोदामावर तुमच्या पोराच्या हातात दिल्यात." भावाने फाईल पाहिली. नोंद नव्हती. भाऊ बोलून गेले, "वहीत नाही म्हणजे आले नाहीत." चार माणसांसमोर गिऱ्हाइकाचे तोंड उतरले. आणि दुकानात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात दुसराच प्रश्न आला. पैसे पोराच्या हातात दिले असतील आणि वहीत नसतील, तर ते गेले कुठे?

पुतण्या त्या वेळी माल घेऊन दहिवडीला गेला होता. तो परत येईपर्यंत दोन तास घरात कोणी कोणाशी नीट बोलले नाही. आल्यावर त्याने सामाईक फोल्डर उघडले आणि 'उधारी नवीन' नावाची फाईल दाखवली. त्यात तारखेसह ४२०० रुपये जमा होते. रक्कमही त्याच दिवसाच्या गल्ल्यात मिळालेली होती. पोर खरे होते, गिऱ्हाईकही खरे होते. खोटी होती ती आमची व्यवस्था. त्या फोल्डरमध्ये उधारीच्या अशा अकरा फाईली निघाल्या. त्या जुळवायला चार रात्री लागल्या.

असे का झाले, हे समजून घेतले तर तुमच्या दुकानात ते टळेल. म्हणून हा लेख.

कुलूप कशासाठी?

एका साध्या उदाहरणाने सुरुवात करू. खात्यावर ५००० रुपये शिल्लक आहेत. एकाच वेळी दोन खिडक्यांवर दोन जण प्रत्येकी ४००० काढायला आले. पहिल्या खिडकीवरच्या कारकुनाने शिल्लक पाहिली, ५०००. दुसऱ्यानेही त्याच क्षणी पाहिली, ५०००. दोघांनी पैसे दिले आणि दोघांनीही शिल्लक १००० लिहिली. गेले ८००० आणि वहीत वजा झाले ४०००. यात कोणी चोरी केली नाही. दोघांनी बेरीज-वजाबाकीही अचूक केली. चूक एवढीच की पहिल्याचे वाचून-लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारे कोणी नव्हते.

संगणकातील कुलूप हे थांबवण्याचे काम करते. ज्याने आधी हात घातला त्याचे काम पुरे होईपर्यंत दुसऱ्याला त्या जागी लिहू द्यायचे नाही. रेल्वेच्या आरक्षणाकडे पाहा. १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झाले आणि नंतर ते देशभर पसरले. साताऱ्याच्या खिडकीवरून आणि पंढरपूरच्या खिडकीवरून एकाच गाडीची तिकिटे निघतात, तरी एक बर्थ दोघांना विकला जात नाही. कारण बर्थ देण्याच्या त्या क्षणापुरते तेवढ्याच जागेला कुलूप लागते. आपल्या म्हसवडमध्ये १९९७ साली सुरू झालेली माणदेशी महिला सहकारी बँक घ्या किंवा कोणतीही दुसरी बँक घ्या, अनेक हातांनी एकच खाते हाताळायचे तर ही शिस्त पाळावीच लागते.

सुरुवातीला छोट्या संगणकांना याची गरज नव्हती. एक यंत्र, एक माणूस, एक फाईल. संगणक एकमेकांना जोडले जाऊ लागले तसा प्रश्न आला. १९८४ मध्ये आलेल्या डॉसच्या ३.० या आवृत्तीसोबत 'शेअर' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम मिळू लागला. त्याचे काम हेच होते. प्रत्येक प्रोग्रॅमने फाईल उघडताना दोन गोष्टी सांगायच्या : मला काय करायचे आहे, वाचायचे की लिहायचे; आणि मी आत असताना इतरांना काय करू द्यायचे. आजच्या विंडोजमध्येही पद्धत मुळात हीच आहे. लिनक्सवर चालणाऱ्या साठवणुकीच्या पेट्या बाजारात मिळतात. त्यांतील पुष्कळशा 'सांबा' हा प्रोग्रॅम वापरून विंडोजशी याच भाषेत बोलतात.

तो संदेश काय सांगतो?

एक्सेल फाईल कोणी उघडली की एक्सेल तिला कुलूप लावते आणि शेजारी एक लपलेली लहान फाईल तयार करते. तिचे नाव '~$' या खुणेने सुरू होते आणि तिच्यात उघडणाऱ्याचे नाव असते. दुसऱ्याने तीच फाईल उघडली की पडद्यावर संदेश येतो : फाईल अमुक व्यक्तीकडे वापरात आहे, फक्त वाचण्यासाठी उघडायची का, की मोकळी झाल्यावर कळवायचे?

आमचा पुतण्या इथेच फसला. त्याने 'फक्त वाचण्यासाठी' हे बटण दाबले, कारण तेच पहिले दिसले. फाईल उघडली, आकडे दिसले, त्याने ४२०० रुपये जमा लिहिले. एक्सेलने लिहू दिले, कारण तो स्वतःच्या यंत्रावरील नकलेवर लिहीत होता. जतन करताना मात्र एक्सेल म्हणाले, या नावाने जतन होणार नाही, दुसरे नाव द्या. गिऱ्हाईक समोर उभे, पावती द्यायची घाई. त्याने 'उधारी नवीन' असे नाव दिले. त्या क्षणी आमच्या दुकानाच्या दोन खातेवह्या झाल्या आणि दोन्ही अर्ध्या खऱ्या झाल्या.

म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम लक्षात ठेवा. 'फक्त वाचण्यासाठी' उघडलेल्या फाईलमध्ये एक आकडाही लिहायचा नाही आणि दुसऱ्या नावाने जतन तर कधीच करायचे नाही. कुलूप लागले म्हणजे संगणक बिघडला असे नाही. तो आपल्याला वाचवत आहे. ते कुलूप चुकवून मागच्या दाराने आत शिरणे हीच चूक आहे.

आणखी एक मागचे दार आहे, पेन ड्राइव्हचे. रात्री घरी काम करू म्हणून फाईल पेन ड्राइव्हवर न्यायची आणि सकाळी परत आणून जुन्या फाईलवर टाकायची. मधल्या वेळेत कोणी काही लिहिले असेल तर ते पुसले जाते आणि कुठलाही इशारा मिळत नाही. साध्या नोटपॅडचेही तसेच. नोटपॅड फाईल वाचून घेते आणि तिला धरून ठेवत नाही. दोघांनी एकच फाईल उघडली तर शेवटी जतन करणाऱ्याचे राहते, आधीच्याचे जाते. हिशेब, दरपत्रक किंवा मापे अशा फाईलमध्ये ठेवू नयेत.

आत कोण बसले आहे?

संदेशात नाव येते खरे, पण आमच्याकडे तिन्ही यंत्रांवर एकच नाव दिसत होते, 'युजर'. संगणक विकणाऱ्याने तसेच ठेवले होते. फाईल 'युजर'कडे आहे असे कळून काय उपयोग? एक्सेलमध्ये 'फाईल', मग 'ऑप्शन्स', मग 'जनरल' येथे नाव बदलता येते. तिथे 'काउंटर', 'गोदाम', 'हिशेब' अशी नावे घाला. पाच मिनिटांचे काम आहे. त्यानंतर संदेश आला की फोन कोणाला करायचा हे कळते.

कुलूप अडकून राहण्याची कारणे नेहमीचीच असतात. कोणी फाईल उघडी ठेवून जेवायला किंवा नमाजला गेला. कोणी लॅपटॉप न मिटवता झाकण बंद केले. कोणाच्या यंत्रावर फोल्डरच्या बाजूला फाईलची झलक दाखवणारा भाग चालू आहे आणि त्याने फाईल धरून ठेवली. रात्री नक्कल काढणारा किंवा विषाणू तपासणारा प्रोग्रॅम त्याच वेळी चालू आहे. आणि आपल्या माण तालुक्यात नेहमीचे कारण म्हणजे वीज. काउंटरचा संगणक वीज जाऊन धाडकन बंद पडला, तर मुख्य यंत्राला ते लगेच कळत नाही. आतला माणूस अजून बसला आहे असे समजून ते काही वेळ कुलूप तसेच ठेवते. '~$'ची लपलेली फाईलही मागे राहू शकते.

अशा वेळी घाई करू नये. क्रम असा ठेवावा. आधी सर्वांना विचारा, फाईल कोणाकडे उघडी आहे का? असेल तर त्याला जतन करून बंद करायला सांगा. कोणाकडेच नसेल तर काही मिनिटे थांबा. तरीही सुटले नाही तर मुख्य संगणकावर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडा. त्यात 'शेअर्ड फोल्डर्स' आणि त्याखाली 'ओपन फाईल्स' आहे. तिथे कोणती फाईल कोणी धरली आहे याची यादी दिसते. नेमकी ती ओळ निवडून ती बंद करता येते. मागे राहिलेली '~$'ची फाईल त्यानंतर काढून टाकावी.

एक इशारा. जिवंत माणसाची फाईल अशी जबरदस्तीने बंद केली तर त्याने जतन न केलेले सगळे जाऊ शकते. म्हणून हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या आणि त्याने विचारल्याशिवाय हात लावू नये.

जुनी कापणी, नवे माप

कारागीर बांधवांना वाटेल की हे दुकानदारांचे प्रश्न आहेत. तसे नाही. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या एका कारखान्याची गोष्ट आम्हाला माहीत आहे. मापांची फाईल सामाईक होती. मालक लिहीत, कटिंगचा कारागीर 'फक्त वाचण्यासाठी' उघडून पाहत असे. पद्धत बरोबरच होती. पण कारागिराने सकाळी नऊला फाईल उघडली आणि दिवसभर तशीच ठेवली. अकराला घरमालकाने चार फुटांची खिडकी साडेचार फूट करायला सांगितली, मालकाने बदलून जतन केले. कारागिराच्या पडद्यावर चार फूटच राहिले. दुपारी आठ खिडक्यांचा माल कमी मापाने कापला गेला.

फक्त वाचण्यासाठी उघडलेली फाईल म्हणजे ती उघडल्या क्षणाचा फोटो असतो. नंतर दुसऱ्याने काय बदलले ते त्यात आपोआप येत नाही. म्हणून कापण्यापूर्वी, शिवण्यापूर्वी, दर सांगण्यापूर्वी फाईल बंद करून पुन्हा उघडावी. आणि मालकाने माप बदलले तर फाईल बदलून थांबू नये, तोंडाने सांगावे. संगणक आला म्हणून हाक मारणे बंद करू नये.

आपल्या जुन्या मुनीमांचे उत्तर

आम्ही चार रात्री फाईली जुळवत बसलो होतो तेव्हा अब्बांनी जुन्या वह्यांचे गाठोडे काढले. त्यांच्या काळी दुकानात रोजकीर्द वेगळी आणि खतावणी वेगळी. कीर्दीत दिवसभरातील जमाखर्च जसा घडेल तसा लिहायचा. खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे खाते. दिवसभर खतावणीला कोणी हात लावत नसे. संध्याकाळी दिवाबत्तीनंतर एकच माणूस कीर्दीवरून खतावणी करायचा.

आम्हाला उत्तर तिथे मिळाले. आता काउंटरची कीर्द वेगळी फाईल, गोदामाची कीर्द वेगळी फाईल. काउंटरवाला स्वतःच्या फाईलमध्ये लिहितो, गोदामवाला स्वतःच्या. दोघांना एकमेकांची फाईल वाचता येते, लिहिता येत नाही. उधारीची खतावणी रात्री एकच माणूस करतो, इतरांना ती वाचायला खुली आहे. एका फाईलला एकच लिहिणारा असला की कुलपाचे भांडण उरतच नाही.

यात एक उणीव आहे, ती लपवत नाही. दुपारी गिऱ्हाईक आले तर खतावणीत सकाळपर्यंतचाच हिशेब दिसतो. म्हणून आमच्याकडे नियम आहे : बाकी सांगण्यापूर्वी दोन्ही कीर्दींत नाव शोधायचे आणि मगच तोंड उघडायचे.

हे तोंडी नियमावर सोडू नये, फोल्डरच्या परवानगीतच घालावे. विंडोजमध्ये परवानगी दोन जागी असते. एक शेअर केलेल्या फोल्डरची आणि दुसरी 'सिक्युरिटी' या पानावरची. जाळ्यातून येणाऱ्या माणसाला दोन्हींपैकी जी कमी असेल ती लागू होते. 'सर्वांना सर्व काही' अशी परवानगी देऊन मोकळे होणे म्हणजे तिजोरीची किल्ली काउंटरवर टांगून ठेवणे.

समोरासमोर आलेले दोन टेम्पो

दोन फाईली लागणाऱ्या कामात आणखी एक घोळ होतो. काउंटरवाल्याने उधारीची फाईल उघडली आणि त्याला आता मालसाठ्याची हवी आहे. गोदामवाल्याने मालसाठ्याची उघडली आणि त्याला उधारीची हवी आहे. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. अरुंद बोळात समोरासमोर आलेल्या दोन टेम्पोंसारखे, कोणी मागे सरकल्याशिवाय वाट मोकळी होत नाही. उपाय सोपा आहे, क्रम ठरवा. आधी मालसाठा, मग उधारी, सर्वांनी, नेहमी. मग दुसरा माणूस पहिल्याच फाईलपाशी थांबतो आणि अडकत नाही.

फाईल पुरेनाशी झाली तर

एक्सेल संपूर्ण फाईलला कुलूप लावते. एका गिऱ्हाइकाचे ४२०० लिहायचे तरी शेकडो गिऱ्हाइकांचे दार बंद होते. हिशेबासाठी केलेले प्रोग्रॅम असे करत नाहीत. ते त्या नोंदीपुरतेच कुलूप लावू शकतात. जुन्या फॉक्सप्रो प्रोग्रॅममध्येही पूर्ण फाईलचे आणि एका नोंदीचे अशी दोन वेगळी कुलपे होती. दिवसभर तीन-चार माणसे एकाच वेळी लिहीत असतील तर एक्सेल सोडून अशा प्रोग्रॅमकडे जाणे शहाणपणाचे. टॅली घेणार असाल तर परवाना पाहून घ्या. सिल्व्हर एका संगणकासाठी आहे, जाळ्यातील अनेक संगणकांसाठी गोल्ड लागतो.

इंटरनेटवरच्या गुगल शीटमध्ये अनेक जण एकाच वेळी लिहू शकतात आणि आधीची स्थिती परत पाहता येते, ही मोठी सोय आहे. पण एकाच चौकटीत दोघांनी लिहिले तर शेवटचे राहते. आणि इंटरनेट गेले की इतरांनी काय लिहिले ते दिसत नाही. एक्सेलमध्येही एकत्र लिहिता येते, पण त्यासाठी फाईल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर ठेवावी लागते. दुकानातल्या साध्या सामाईक फोल्डरवर ते चालत नाही. विकणारा काहीही म्हणाला तरी आपल्या दुकानात दोन यंत्रांवर करून पाहा आणि मगच पैसे मोजा.

भिंतीवर लावायचे नियम

आमच्या तिन्ही संगणकांच्या शेजारी हे लिहून लावले आहे :

१. एक फाईल, एक लिहिणारा.
२. 'वापरात आहे' असे आले तर बंद करा, नाव पाहा, फोन करा.
३. दुसऱ्या नावाने जतन करायचे नाही. घाई असेल तर कागदावर लिहा, नंतर स्वतःच्या कीर्दीत चढवा.
४. जागेवरून उठताना जतन करा आणि फाईल बंद करा.
५. पेन ड्राइव्हवरून फाईल परत सामाईक फोल्डरमध्ये टाकायची नाही.
६. अडकलेले कुलूप हिशेबाच्या खोलीतूनच काढायचे.
७. रात्री सर्व फाईली बंद झाल्यावरच नक्कल काढायची. उघडी फाईल नकलेतून सुटू शकते.

यात खर्चाची गोष्ट एकच आहे. मुख्य संगणक आणि तारा जोडणारी पेटी, दोन्ही यूपीएसवर ठेवावीत. नुसता संगणक यूपीएसवर ठेवून उपयोग नाही. पेटी बंद पडली की जाळे तुटते आणि कुलपे अडकतात.

त्या गिऱ्हाइकाकडे थोरले भाऊ दुसऱ्या दिवशी स्वतः वाडीवर गेले आणि माफी मागून आले. त्यांनी चहा पाजला, पण पुढचे पत्रे दुसरीकडून घेतले. पुतण्याला मात्र भावाने सर्वांसमोर सांगितले की चूक तुझी नव्हती. तो काही बोलला नाही. त्या दिवसापासून तो जमा झालेल्या प्रत्येक रकमेची पावती दोन प्रतींत करतो आणि एक प्रत स्वतःच्या खिशात ठेवतो. ती सवय चांगली आहे, पण तिचे कारण आठवले की आम्हाला वाईट वाटते.

बांधवांनो, दुसऱ्याचा हिशेब आपल्याकडे असणे ही अमानतच आहे. आज दुकान बंद करण्यापूर्वी आपले सामाईक फोल्डर उघडा आणि एकाच वहीच्या किती फाईली आहेत ते मोजा. एकाहून जास्त निघाल्या तर उद्याचा पहिला तास त्या जुळवण्यासाठी ठेवा.